पटसंख्या आणि पळसाचा रंग

फाल्गुन लागला की शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील डोंगरउतारांचे रूप पालटते. पानगळीने उघड्या पडलेल्या रानात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, आणि माहुलीच्या पायथ्यापासून नाणेघाटाकडे जाणाऱ्या वाटेपर्यंत तांबड्या-केशरी रंगाची उधळण होते. चित्रकलेच्या शिक्षकाला हवे असलेले साहित्य निसर्ग या दिवसांत शाळेच्या दारात आणून टाकतो. परंतु शाळेच्या वेळापत्रकात नेमका हाच काळ चित्रकलेच्या दुर्भिक्षाचा असतो. सकाळची शाळा सुरू होते, वार्षिक परीक्षा जवळ येते आणि चित्रकलेचा तास गणिताच्या किंवा भाषेच्या उजळणीत सहज जिरून जातो. ही विसंगती केवळ वेळापत्रकाची नसून शिक्षणावरील खर्चाच्या वाटपाची आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. मात्र ती इयत्ता सहावी ते आठवीसाठी आहे आणि तीही प्रवेशित बालकांची संख्या शंभराहून अधिक असेल तरच. पहिली ते पाचवीच्या वर्गांना असा निदेशक नाहीच. तेथे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एवढेच प्रमाण सांगितले आहे. डोंगराळ भागातील वाडीची शाळा या हिशेबात कोठे बसते, हे वेगळे सांगावयास नको. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता सांभाळायच्या, नोंदी भरायच्या, पोषण आहारावर देखरेख ठेवायची आणि उरलेल्या वेळात चित्रकला शिकवायची. अशा शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. प्रगतिपुस्तकात कला विषयाचा रकाना असतो. तास झाला असो वा नसो, तेथे काहीतरी श्रेणी भरावीच लागते.

या अभावाचे परिणाम पुढे गुणपत्रिकेत उमटतात. राज्याचे कला संचालनालय एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेते. इंटरमिजिएटमधील श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण देण्याची पद्धत राज्यात रूढ झाली आहे. कलेला प्रतिष्ठा देण्याचा हा हेतू स्तुत्य असला, तरी ज्याला बालपणापासून कलाशिक्षक लाभला, त्यालाच हे गुण सुलभ होतात. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कलेच्या गुणांचा प्रवाहही असाच शहराकडे वाहतो. पायथ्याशी काहीही न देता शिखरावर बक्षीस ठेवले, की समान संधी या शब्दांना अर्थ उरत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मुलांना अजून धड वाचता येत नाही, तेथे चित्रे काढण्याची चैन कशाला? हा आक्षेप घेणारे मूल कसे शिकते हेच विसरतात. ज्याच्या घरी कातकरी किंवा ठाकरी बोली बोलली जाते, त्याला पाठ्यपुस्तकातील मराठी पहिल्या दिवशी परकी वाटते. रेषा मात्र परकी नसते. हाताला वळण, डोळ्याला प्रमाण आणि मनाला क्रम यांची सवय चित्रातून लागते, आणि अक्षर याच सवयीवर उभे राहते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले त्यांचे ग्राम बाल शिक्षण केंद्र १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील या आदिवासी भागात त्यांनी पाने, बिया, खडे, शिंपले यांनाच शैक्षणिक साधनांचा मान दिला. महागड्या साहित्यावाचून उत्तम बालशिक्षण देता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवले.

तोच मार्ग शहापूर-मुरबाडच्या वर्गांत आजही मोकळा आहे. पळसाची फुले पाण्यात उकळली की पिवळसर केशरी रंग उतरतो. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. गेरू, चुलीतला कोळसा आणि तांदळाच्या पिठाची पेज घरोघर आहे. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की कुंचला तयार होतो. किती फुलांना किती पाणी, हे ठरवताना गणित येते. रंग का बदलला, हे विचारताना विज्ञान येते. वारली चित्रांची परंपराही जवळचीच आहे. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तरी लग्नघरात चौक लिहिण्याचा मान पूर्वापार सवाशिणींचा. अशा जाणत्या बाईला मानधन देऊन शाळेत बोलवावे. त्रिकोणी माणसांचा छापील नमुना गिरवून घेणे म्हणजे मात्र परंपरा शिकवणे नव्हे. मुलाने आपली वाडी, आपली विहीर, आपला शिमगा काढावा.

एका अडचणीकडे डोळेझाक करून चालणार नाही. वसंतात या वर्गांतील काही जागा रिकाम्या असतात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मोहाची फुले गळू लागली की पहाटे मुलेही रानात असतात. म्हणून वसंतातील उपक्रम परतलेल्या मुलांपर्यंतही पोहोचला पाहिजे. पळसाची वाळवलेली फुलेही रंग देतात. मार्चमध्ये वेचून ठेवलेली फुले जुलैत परतलेल्या मुलाच्या हाती देता येतील.

तेव्हा उणीव रंगाची नाही, माणसाची आणि वेळेची आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एका वाडीच्या शाळेला पूर्ण कलाशिक्षक परवडत नाही, कारण शिक्षकाचे तुकडे करता येत नाहीत. पण त्याचे दिवस वाटून देता येतात. महाराष्ट्रात प्राथमिक शाळांची केंद्रे आहेत, केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत. देखरेखीसाठी दहा-बारा शाळा एकत्र मोजता येतात, तर चित्रकलेसाठी का नाही? प्रत्येक केंद्राला एक फिरता कलाशिक्षक द्यावा. त्याने आठवड्याचा एकेक दिवस एकेका शाळेला द्यावा, आणि एका पंधरवड्यात केंद्रातील सर्व शाळा पुऱ्या कराव्यात. कलाशिक्षक पदविका घेतलेले अनेक तरुण-तरुणी नोकरीच्या प्रतीक्षेत आहेत. सोबत किरकोळ साहित्यासाठी थोडी वार्षिक तरतूद व्हावी.

अधिनियमाची अनुसूची हा किमान दर्जा आहे, कमाल मर्यादा नव्हे. राज्य शासनाला त्याहून अधिक देण्यास कोणी अडवलेले नाही. पट मोजायचाच असेल, तर तो एका वाडीचा न मोजता केंद्राचा मोजावा. शंभराचा आकडा मग सहज ओलांडला जाईल. चाळीस मुलांच्या शाळेत जन्म गेला, एवढ्या कारणाने एखाद्या मुलाचा रंगांवरील हक्क कमी होत नाही.