हरवलेल्या चित्राचा पत्ता

जुन्या वेबपानावर मजकूर शाबूत आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते, याचं कारण बहुतेकदा साधं असतं: दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या संगणकांवर होत्या. लोक चित्रं फोटोबकेट, टायनीपिक अशा फुकट सेवांवर चढवत आणि पानात नुसता त्यांचा पत्ता देत. फोटोबकेटने २०१७ मध्ये अशा वापरासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले, टायनीपिक २०१९ मध्ये बंद झाली, आणि यंत्रदुरुस्तीची कित्येक सचित्र मार्गदर्शनं एकाएकी आंधळी झाली. म्हणून शोध घ्यायचा तो पानाचा नव्हे, चित्राच्या पत्त्याचा. पानाचा सोर्स उघडला की जेपीजी किंवा पीएनजी असा शेवट असलेला पत्ता सापडतो. तो वेबवरच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकावा.

पानाची जतन केलेली प्रतही रिकामीच असेल तर पुढे काय मिळणार, असं कुणी म्हणेल. पण वेबॅक मशीन पान आणि चित्र स्वतंत्रपणे, अनेकदा निरनिराळ्या तारखांना टिपतं. एक नसलं तरी दुसरं असू शकतं. तारीख मात्र जपून निवडावी, कारण २०१७ नंतरच्या प्रतीत फोटोबकेटची पैसे मागणारी पाटीच जतन झालेली असू शकते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: चित्र मालकाने मुद्दाम काढलं असेल तर? कुणाच्या खासगी छायाचित्राबाबत तो मला पूर्ण मान्य आहे, तिथे शोध थांबवावा. पंपाच्या जोडणीचा आराखडा सेवा बंद पडल्यामुळे गेला असेल, तर मात्र तो जरूर शोधावा.