खग्रास चंद्रग्रहणाचे छायाचित्रण आणि त्याची विश्वसनीयता

पौर्णिमेच्या चंद्राचे छायाचित्र घेणे हे काम फारसे कठीण नाही. चंद्र म्हणजे उन्हात उजळलेला खडकाळ पृष्ठभाग होय. त्यामुळे भर दिवसा एखाद्या उघड्या डोंगराला जितके उद्भासन, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येऊ देण्याचा जेवढा काळ, लागेल जवळजवळ तेवढेच त्यालाही पुरते. ही गोष्ट नवशिक्याच्या ध्यानी येत नाही. तो सभोवारच्या काळोखाकडे पाहून झडप अधिक वेळ उघडी ठेवतो आणि चित्रात चंद्राऐवजी एक पांढरी टिकली उमटते. ग्रहण लागले म्हणजे मात्र अडचणींचे स्वरूपच बदलते.

प्रथम तेजाचा हिशेब पाहू. पूर्ण चंद्राची प्रत उणे १२.७ च्या आसपास असते. खग्रास अवस्थेत ही दीप्ती सामान्यतः दहा हजारपट किंवा त्याहूनही कितीतरी अधिक पटींनी घटते. एफ/८ हे भिंगाचे मुख व आयएसओ १०० ही संवेदनक्षमता धरली, तर पूर्ण चंद्राला सेकंदाचा सुमारे २०० वा भाग पुरतो; दहा हजारपट मंद झालेल्या चंद्राला त्याच मापाने ५० सेकंद द्यावे लागतील. संवेदनक्षमता १६०० पर्यंत वाढविल्यास हा काळ तीन सेकंदांवर येतो, परंतु त्याबरोबर चित्रातील कणीदारपणाही वाढतो.

तीन सेकंद हा काळ अल्प वाटला तरी चंद्र तेवढा वेळ स्थिर राहत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे तो आकाशात दर सेकंदाला सुमारे साडेचौदा विकला सरकतो. एक मीटर केंद्रांतराच्या दुर्बिणीत चंद्राची प्रतिमा नऊ मिलिमीटर व्यासाची पडते. दुर्बीण तिवईवर नुसती रोखून ठेवली, तर तीन सेकंदांत ही प्रतिमा आपल्या व्यासाच्या चाळिसाव्या भागाहून थोडीच कमी सरकते. हे अंतर चंद्रावर मोजल्यास जवळजवळ टायको विवराच्या रुंदीएवढे भरते. तेव्हा आकाशाच्या गतीने फिरणारी बैठक आवश्यक ठरते. पण येथेही एक पेच आहे. चंद्र ताऱ्यांच्या सापेक्ष दर तासाला साधारण स्वतःच्या व्यासाइतका पूर्वेकडे जातो. बैठक ताऱ्यांच्या गतीने चालविली तर दीर्घ उद्भासनात चंद्र पुसट होतो, चंद्राच्या गतीने चालविली तर तारे रेषा होऊन उमटतात. चंद्राचा तपशील हवा असल्यास दुसरा मार्गच पत्करावा.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर चंद्राकडे नसून पृथ्वीकडे आहे. प्रच्छायेत शिरलेल्या चंद्रावर सूर्याचा थेट किरण पोहोचत नाही. जो प्रकाश पोहोचतो तो पृथ्वीभोवतीच्या वातावरणाच्या कड्यातून वक्रीभवन पावून आलेला असतो. वाटेत निळा अंश विखुरला जातो व तांबडा शेष राहतो. अतिउच्च थरांतून येणाऱ्या प्रकाशातला नारिंगी-पिवळा अंश ओझोन शोषून घेतो, म्हणून प्रच्छायेच्या कडेवर कधी कधी निळसर झाक दिसते. त्यामुळे ग्रहणातील चंद्राचे तेज व वर्ण ही पृथ्वीच्या वातावरणाची एका क्षणी झालेली परीक्षाच म्हणता येईल. फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे दाँजाँ याने १९२१ मध्ये यासाठी शून्य ते चार अशी श्रेणी सुचविली. शून्य म्हणजे मध्यावर जवळजवळ अदृश्य झालेला चंद्र, आणि चार म्हणजे तेजस्वी तांबूस-नारिंगी चंद्र. बाली बेटावरील आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक १९६३ मध्ये झाला. त्याच वर्षी ३० डिसेंबरच्या ग्रहणात चंद्र जेमतेम चौथ्या प्रतीच्या ताऱ्याइतका उरला होता. फिलिपाइन्समधील पिनातुबोच्या १९९१ च्या उद्रेकानंतर ९ डिसेंबर १९९२ चे ग्रहणही असेच काळवंडलेले होते. स्थितांबरात पसरलेल्या सूक्ष्म कणांची ती साक्ष होती.

ही साक्ष छायाचित्रकार नकळत खोडून टाकू शकतो, आणि खरी अडचण येथे आहे. उद्भासन दुप्पट केले की विटकरी चंद्र नारिंगी दिसू लागतो. अर्धे केले की तोच काळपट होतो. याहूनही फसवी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यातील वर्णसंतुलनाची स्वयंचलित योजना. समोरचा तांबडेपणा हा दिव्याचा दोष समजून ती त्याची भरपाई करते व ज्या रंगासाठी सारी रात्र जागविली तोच रंग फिका पाडते. म्हणून वर्णसंतुलन सूर्यप्रकाशाच्या स्थितीत कायम करावे, संवेदकाने नोंदलेली मूळ माहिती कोणतेही संस्कार न करता जपून ठेवावी, आणि प्रत्येक चित्रासोबत वेळ, मुख, संवेदनक्षमता व उद्भासन यांची नोंद असावी. फिल्मच्या काळी यात आणखी एक विघ्न असे: मंद प्रकाशात फिल्म हिशेबापेक्षा कमी प्रतिसाद देते. या विसंगतीचा अभ्यास कार्ल श्वार्त्सशिल्ट याने १९०० च्या सुमारासच केला होता. आजचे संवेदक या दोषापासून बव्हंशी मुक्त आहेत.

तुलनेसाठी त्याच संवेदकाने, त्याच उंचीवरचे परिचित तारे टिपणे हा उत्तम उपाय होय. २७ जुलै २०१८ च्या ग्रहणात निसर्गाने स्वतःच असा मापदंड पुरविला होता. त्याच दिवशी प्रतियुतीत असलेला मंगळ चंद्राच्या जवळच तळपत होता. कॅमेऱ्यावर सर्वस्वी विसंबू नये म्हणून द्विनेत्री दुर्बीण उलटी धरून चंद्राला बिंदुवत करावे आणि नुसत्या डोळ्याने दिसणाऱ्या ताऱ्यांशी त्याची तुलना करावी. ही जुनी रीत आजही कामाची आहे.

खंडग्रास अवस्था दिसावयास सर्वांत मनोहर, परंतु एका चित्रात ती मावत नाही. उजळ कोर व प्रच्छायेतील भाग यांच्या तेजात हजारो पटींचे अंतर असते. कोर नीट उमटविली तर उरलेला चंद्र काळा, आणि तो दाखविला तर कोर जळून जाते. निरनिराळ्या उद्भासनांची चित्रे एकत्र करून दोन्ही दाखविता येतात. मात्र असे संमिश्र चित्र शोभेचे, मोजमापाचे नव्हे, हे त्याखाली स्पष्ट लिहिणे योग्य.

महाराष्ट्रातील निरीक्षकाला याखेरीज ऋतूशी झगडावे लागते. २०१८ चे ग्रहण, ज्याची खग्रास अवस्था १०३ मिनिटांची म्हणजे या शतकातील सर्वांत दीर्घ होती, ते आषाढी पौर्णिमेला आले. ७ सप्टेंबर २०२५ चे भाद्रपदी पौर्णिमेला. दोन्ही पावसाळ्यातच. ३१ डिसेंबर २०२८ चे खग्रास ग्रहण पौषी पौर्णिमेला आहे, त्याचा मध्य भारतीय वेळेनुसार रात्री दहा वाजून बावीस मिनिटांच्या सुमारास येईल आणि खग्रास अवस्था सुमारे ७१ मिनिटे टिकेल. आकाश निरभ्र असण्याचा संभव मोठा. पण थंडीच्या रात्री भिंगावर दव धरते व चित्रे हळूहळू धूसर होत जातात, ते बहुधा ग्रहण सुटल्यावरच लक्षात येते. भिंगाभोवती सौम्य उष्णता देणारी पट्टी गुंडाळावी, आणि दर पंधरा मिनिटांनी भिंग विजेरीने तिरपे उजळून पाहावे. त्या रात्री चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येईल. साध्या तिवईवर दुर्बीण तशी रोखणे फार गैरसोयीचे असते, म्हणून बैठकीची चाचणी आधीच्या एखाद्या पौर्णिमेला घेऊन ठेवावी.