परतीचा दोर

समोरच्या टेबलावरच्या यंत्राचा पत्ता बदलणे सोपे असते. चुकले तर हात लांब करायचा, कळफलक ओढायचा आणि दुरुस्त करायचे. पण यंत्र शंभर कोसांवर असेल आणि ज्या वाटेने तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात तीच वाट बदलायची असेल, तर? मग प्रत्येक आज्ञा जपून द्यावी लागते. ब्लेड सर्व्हरच्या बाबतीत तर जास्तच.

ब्लेड सर्व्हर म्हणजे काय? साधा सर्व्हर हा स्वतंत्र बंगला. ब्लेड ही चाळीतली खोली. आयबीएमची २००२ साली आलेली ब्लेडसेंटरची पेटी घ्या. ती आता नवी मिळत नाही, परंतु समजून घ्यायला फार सोयीची. उंची सुमारे बारा इंच. तीत चौदा सर्व्हर पुस्तकांसारखे उभे खोचलेले. वीज सामाईक, पंखे सामाईक आणि बाहेर पडायचा जिनाही सामाईक. ब्लेडला स्वतःची तार नसतेच. त्याचे पहिले नेटवर्क कार्ड पेटीच्या आतूनच पहिल्या स्विचला भिडते, दुसरे दुसऱ्याला. बाहेरची तार असते ती स्विचला.

यातून एक गंमत होते. स्विचची बाहेरची तार कोणी उपटली, तरी ब्लेडला विचारा, ते म्हणेल, ‘जोडणी ठीक आहे.’ ते खोटे बोलत नाही; खोलीचे दार उघडे आहे, जिना मात्र कोसळला आहे. दोन कार्डांची जोडी बांधून निर्धास्त झालेले लोक येथेच फसतात, कारण नेहमीची तपासणी फक्त दारापुरती असते. म्हणून ब्लेडवर जोडी बांधताना एआरपीची तपासणी लावावी, म्हणजे कार्ड बाहेरच्या एखाद्या पत्त्याला अधूनमधून हाक मारून पाहते. नाहीतर बाहेरची तार गेली की आतली दारेही बंद करावीत, असे स्विचलाच सांगून ठेवावे.

आता पत्ता बदलण्याचे. काही वर्षांपूर्वी मी रात्री घरी बसून एका ब्लेडचा पत्ता १०.१.१.२० वरून १०.१.१.४० करावयास घेतला. शहाणपणाने आधी ‘आयपी’ या आज्ञेने नवा पत्ता जोडला, नव्या पत्त्याने आत शिरून पाहिले आणि मगच जुना काढला. पडदा जागच्या जागी गोठला! झाले होते असे की, एकाच जाळ्यातले दोन पत्ते असले की लिनक्स पहिल्याला थोरला मानते आणि दुसऱ्याला धाकटा. मूळ रीत अशी की थोरला काढला की धाकटेही जातात. आजच्या बऱ्याच लिनक्समध्ये ही रीत बदललेली असते. पण ‘प्रमोट सेकंडरीज’ची किंमत १ आहे ना, हे आधी पाहून घ्यायला काय लागते? मी पाहिले नव्हते. सकाळी त्या यंत्रावरून पगारपत्रके निघायची होती. पहाटे तीन वाजता मी रखवालदाराला उठवीत होतो.

सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले ते जाणूनबुजून. आपण कापतो ते नकळत. तेव्हा आधी दोर बांधावा. ‘आयपी’ आज्ञेने केलेला बदल फक्त चालू स्मृतीत राहतो, फाइलीत जात नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले की जुने सगळे परत. हाच आपला दोर. बदलाआधी ‘शटडाउन’ आज्ञेला दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू करायला सांगून ठेवायचे. नव्या पत्त्याने आत शिरता आले आणि तिथून बाहेरची वाट सापडली, की तो हुकूम रद्द करायचा आणि मगच बदल फाइलीत लिहायचा. उबुंटूमध्ये ‘नेटप्लॅन ट्राय’ हेच काम करते: १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही, तर पूर्वस्थिती. अर्थात दिवसाउजेडी, काम चालू असलेल्या यंत्रावर दहा मिनिटांचा हुकूम लावू नये, हे सांगायला नकोच.

दुसरा दोर पेटीतच असतो. चाळीला असतो तसा तिलाही एक देखरेख्या असतो, मॅनेजमेंट मॉड्यूल. त्याचा पत्ता ब्लेडच्या पत्त्याहून निराळा. कोणी नेमून दिला नाही, तर ब्लेडसेंटरमध्ये तो १९२.१६८.७०.१२५. नाव ‘यूझरआयडी’, पासवर्ड म्हणजे ‘पासवर्ड’ हाच शब्द, फक्त ‘ओ’च्या जागी शून्य. (जगभर ठाऊक असलेली ही किल्ली पहिल्याच दिवशी बदलावी.) त्याच्याकडे ‘कन्सोल’ ही आज्ञा पाचव्या ब्लेडसाठी दिली, की त्या ब्लेडचा पडदा तुमच्यापुढे येतो, ब्लेडच्या लिनक्सला पत्ता असो वा नसो. बाहेर पडायला एस्केप आणि लगेच उघडता कंस. मात्र ही सोय ब्लेडवर आधी चालू करून ठेवावी लागते. त्या रात्री माझी ती केलेली नव्हती. आता पेटी कपाटात बसली, की पत्त्यांना हात लावण्यापूर्वी मी चौदाही ब्लेडचे कन्सोल एकेक करून उघडून पाहतो. त्यात अर्धी दुपार जाते.