राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि आपले आमदार

किनवटचा शेतकरी अथवा उदगीरचा व्यापारी राष्ट्रपतीस स्वहस्ते मत देत नाही. राज्यघटनेने तो अधिकार त्याने निवडून धाडलेल्या आमदार-खासदारांच्या हाती सोपविला आहे. नांदेड जिल्ह्यातून नऊ आणि लातूर जिल्ह्यातून सहा आमदार विधानसभेत जातात, व त्यांतील प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. हा आकडा कोणाच्या मर्जीने ठरलेला नसून, १९७१च्या खानेसुमारीतील महाराष्ट्राच्या सुमारे पाच कोटी चार लक्ष लोकसंख्येस २८८ या आमदारसंख्येने व पुन्हा एक हजाराने भागिले असता तो निष्पन्न होतो. त्या काळी लातूर हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता, तो १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला, तथापि लोकसंख्येस आळा घालणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून तोच आधार कायम राखण्यात आला. देशातील सर्व आमदारांच्या मतांचे एकूण मूल्य निर्वाचित खासदारांत विभागून खासदाराचे मूल्य ठरते. २०२२ साली ते ७०० होते. विधानपरिषदेच्या सदस्यांस व नामनियुक्त खासदारांस येथे मताधिकार नाही.

आमदारास गुलाबी आणि खासदारास हिरवी मतपत्रिका मिळते, व तीवर उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे अनुक्रमांक लिहावयाचे असतात. पहिल्या पसंतीत कोणासही निम्म्याहून अधिक मूल्य न लाभल्यास तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी याच मार्गाने विजयी झाले. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांचे मिळून २,६२५ मूल्य देशाच्या २०२२ सालच्या सुमारे १०.८६ लक्षांत अल्पच खरे; परंतु मतदान गुप्त असल्याने आणि पक्षादेशाची सक्ती नसल्याने ते कोणत्याही पक्षाला गृहीत धरता येत नाही.