गिअरचा दांडा किती आखूड असावा?

स्पोर्ट्‌स कारचे हौशी मालक इंजिनाला हात लावण्याआधी बऱ्याचदा एक बदल करून घेतात, तो म्हणजे शॉर्ट शिफ्टर. गिअरचा मूळ दांडा काढून त्याजागी असा दांडा बसवायचा की पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हात पूर्वीपेक्षा कमी सरकेल. खर्च बेताचा, काम एका दुपारचं, आणि फरक पहिल्याच गिअरला हाताला कळतो. त्यामुळे तो बसवण्याआधी फारसा विचार होत नाही. मला वाटतं, तो व्हायला हवा. हाताचं वाचलेलं अंतर फुकट मिळत नाही, आणि बहुतेकांना गिअर टाकण्यातली जी मजा हवी असते ती आखूडपणापेक्षा नेमकेपणातून येते. म्हणून आधी मूळ यंत्रणा ठाकठीक करावी, मग वाटलंच तर दांडा थोडा आखूड करावा, आणि तोही थोडाच.

गिअरचा दांडा ही शाळेत शिकलेली तरफ आहे. मध्ये एक गोल टेकू, वर मूठ, खाली गिअरबॉक्सच्या आतल्या सळ्या पुढे-मागे ढकलणारं छोटं टोक. सळीला ठरावीक अंतर सरकावंच लागतं, त्यात सूट नाही. शॉर्ट शिफ्टर वरचा भाग आखूड करतो किंवा टेकू वर नेऊन खालचा भाग लांब करतो. दोन्हींचा परिणाम एकच: हाताचं अंतर कमी होतं आणि त्याच्या व्यस्त प्रमाणात जोर वाढतो. अंतर २० टक्क्यांनी कमी केलं तर जोर २५ टक्क्यांनी वाढतो. ३० टक्क्यांनी कमी केलं तर सुमारे ४३ टक्क्यांनी, आणि ४० टक्क्यांनी केलं तर जवळजवळ ६७ टक्क्यांनी. पुढच्या प्रत्येक पायरीला मिळकत तेवढीच, भुर्दंड मात्र आधीपेक्षा मोठा. ४० टक्क्यांचा दांडा विकत घेताना हा हिशेब कुणी सांगत नाही.

तो जोर जातो कुठे, हे पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकत्र गुंतवायचे असतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन यांची सिंक्रोमेशची रचना बाजारात आणली, तोवर चालकाला दोनदा क्लच दाबून ही गती स्वतः जुळवावी लागे. आज ते काम शंकूच्या आकाराची एक रिंग करते, जी अनेक गाड्यांत पितळी असते. ती घर्षणाने दोन्ही गती समान करते आणि त्या जुळेपर्यंत दात अडवून धरते. घर्षण किती होणार हे दांड्यातून येणाऱ्या दाबावर ठरतं. आखूड दांड्याने हाताच्या तेवढ्याच जोरात रिंगेवर कमी दाब पडतो, म्हणजे गती जुळायला उलट जास्त वेळ लागतो. मग चालक जोर लावतो, घाई करतो. रिंग आधीच झिजलेली असेल तर दात एकमेकांवर घासतात आणि दुसरा गिअर करकरतो. थंडीत, तेल घट्ट असताना, हे आणखी जाणवतं. गिअर झटपट पडतो असं हाताला वाटतं, पण वेळ ठरवतात क्लच आणि सिंक्रो, हाताचे ते काही मिलिमीटर नव्हे.

या बाबतीत माझदा एमएक्स-५ ही गाडी मुद्दाम अभ्यासावी. तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखाली तयार झालेली ही दोन आसनांची उघडी गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात जगापुढे आली. तिचा पाच गिअरचा बॉक्स कंपनीच्या मोठ्या लूस या सेडानमधल्या बॉक्सवरून घेतलेला. दांडा थेट बॉक्सवर उभा, मध्ये केबल नाही. अभियंत्यांना सांगितलं होतं की दांड्याची हालचाल शक्य तितकी छोटी हवी आणि जोरही कमीत कमी लागला पाहिजे. अट एकच नव्हती, दोन्ही एकत्र साधायच्या होत्या. म्हणूनच मूळ दांड्यातच ही गाडी गिअरसाठी नावाजली गेली. तिच्यावर आणखी आखूड दांडा चढवणारा माणूस त्या दोनांपैकी एक अट मोडतो.

आणखी एक धोका आकड्यांतच दिसतो. पहिल्या पिढीतल्या या बॉक्सचं गुणोत्तर दुसऱ्या गिअरला १.८८८, तिसऱ्याला १.३३० आणि चौथ्याला १.००० आहे. तिसऱ्यात ७,००० फेऱ्यांवर असताना दांडा सरळ मागे ओढला तर चौथा पडतो आणि इंजिन ५,३०० च्या आसपास येतं. तोच दांडा चुकून डावीकडे ओढला गेला आणि दुसरा पडला, तर चाकं इंजिनाला ९,९०० फेऱ्यांपर्यंत फिरवतात. रेव्ह लिमिटर इंधन तोडू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. एवढ्या फेऱ्यांवर आतले भाग बिघडले की इंजिनच उघडावं लागतं. टेकू वर नेणाऱ्या दांड्यात आडवं अंतरही घटतं, गिअरच्या वाटा जवळ येतात, आणि घाईच्या क्षणी चुकायला जागा कमी उरते.

यावर कुणी म्हणेल, शर्यतीच्या गाड्यांत तर आखूड दांडे असतात. असतात, पण त्यातल्या अनेक बॉक्समध्ये सिंक्रो नसतातच, सरळ दाते असतात, आणि ते बॉक्स वरचेवर उघडून तपासले जातात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गाडी हौसेसाठी घेतली, मग हाताला घट्ट, छोटी हालचाल आवडत असेल तर थोडा जोर लागला म्हणून काय बिघडलं? काहीच नाही. आवड हे पुरेसं कारण आहे. फक्त त्या आवडीतला किती भाग आखूडपणाचा आणि किती दांड्याच्या टोकाचा जुना सैल बुश बदलल्याचा, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

ते तपासायचं काम दांडा बसवायला घेतानाच होतं. एमएक्स-५ मध्ये सगळं वरून करता येतं. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवायचा, मूठ फिरवून काढायची, मधला कन्सोल उचलायचा, वरचा रबरी बूट सोडवायचा. खालचा छोटा बूट जुन्या गाड्यांत बहुधा चिरलेला सापडतो, आणि बॉक्सची ऊब व आवाज तिथूनच आत येतात. मग तीन बोल्ट, की दांडा वर. त्याच्या टोकाचा नायलॉनचा बुश झिजला असेल तर दांडा गिअरमध्ये असूनही डुलतो. दांड्याचा गोल टेकू जिथे बसतो त्या टरेटमध्ये बॉक्सपासून वेगळं थोडं तेल असतं. ते वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही, आणि उघडल्यावर काळं पडलेलं किंवा आटलेलं दिसतं. उघड्या भोकात माती किंवा बोल्ट पडू नये म्हणून लगेच स्वच्छ फडकं टाकायचं. नवा बुश, नवे बूट, नवं तेल घालून आधी जुनाच दांडा परत लावून गाडी चालवावी. बॉक्सचं तेलही पितळी रिंगांना मानवणारं, जीएल-४ दर्जाचं घालावं. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळत नाही ना, हेही पाहावं, कारण क्लच पूर्ण सुटत नसेल तर कुठलाही दांडा अडकणारच.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं आणि दांडा केबलने जोडलेला असतो. तिथे बदल बहुधा दांड्याच्या खालच्या भागात किंवा बॉक्सवरच्या छोट्या आर्ममध्ये होतो. केबलच्या टोकांचे रबरी बुश सैल असतील तर आखूड दांड्यात तो सैलपणा उलट ठळक होतो. तिथेही आधी बुश, मग दांडा.

एवढं करूनही हौस उरली तर २० टक्क्यांच्या आसपासचा दांडा घ्यावा, शक्यतो उंची बदलता न येणारा, कारण बदलत्या उंचीचे जोड कालांतराने वाजू लागतात. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर, रिव्हर्ससह, पूर्ण बसतात का आणि दांडा कुठे टेकतो का, ते पाहावं. पहिले काही आठवडे सकाळच्या थंड गाडीत दुसऱ्या गिअरकडे लक्ष ठेवावं. तो करकरू लागला तर जुना दांडा परत बसवायला तासभर पुरतो, म्हणून तो आणि त्याचे बोल्ट गॅरेजमध्ये नीट बांधून ठेवावेत.