जाड फाइल ते चलनांचा गठ्ठा

पंधरा वर्षांपूर्वी सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड व्यापाऱ्यांसाठी आम्ही वेब अॅप्लिकेशन करायला घेतलं, की पहिली तयार व्हायची ती गरजांची जाड इंग्रजी फाइल. साचा ‘आयईईई ८३०’चा, १९८४चं आणि १९९८ साली शेवटचं सुधारलेलं मानक. ‘प्रणालीने अमुक करावे’ अशी कलमामागून कलमं. शेठ शेवटचं पान उघडून सही करत आणि भावाचं बोलत. महिन्यांनी पडद्यावर माल-परतीचा फॉर्म दिसला की म्हणत, ‘आ नहीं चाले.’ फाइलीत परत येणार ते पूर्ण बिल. बाजारात मात्र गाठोड्यातल्या चार साड्या परत येतात, त्याही सीझन संपल्यावर.

२००१ साली अमेरिकेत सतरा जणांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा काढला. त्या सुमारास रूढ झालेल्या ‘युजर स्टोरी’, म्हणजे वापरकर्त्याच्या तोंडून कार्डावर मांडलेल्या छोट्या गरजा, आमच्याकडे पोचायला बराच काळ गेला आणि आल्या त्या ठरीव वाक्याच्या रूपात: ‘एक वापरकर्ता म्हणून मला...’ त्या सतरांपैकी रॉन जेफ्रीज यांनी कार्डाइतकंच महत्त्व संभाषणाला दिलं होतं. आम्ही कार्डं भरली, बोलणं राहिलं. खरं तर जुनी फाइलच तुकडे करून वाटली.

सवय मोडली ती जीएसटीने. १ जुलै २०१७ला कर लागू झाला, कापड व्यापारी संपावर गेले, आणि दुकानं उघडल्यावर नियम इतके बदलत राहिले की फाइल सहीआधीच शिळी व्हायची. पुढच्या वर्षी मालवाहतुकीचं ई-वे बिल आलं. मग नाइलाजाने लॅपटॉप घेऊन पेढीवरच बसलो आणि मुनीमजींकडे जुनी चलनं मागितली. ‘हजार मीटर ग्रे (कोरं कापड) मिलमध्ये गेलं, ९४० आलं. साठ मीटर घट कुणाच्या खात्यात?’ या प्रश्नाला उत्तर एका मिनिटात मिळालं, वर ‘पार्टी जुनी असेल तर वेगळं’ हेही कळलं. सॉफ्टवेअरतज्ज्ञ डॅन नॉर्थ यांनी २००६मध्ये मांडलेली ‘असं असताना, असं झालं, तर असं’ ही पद्धत तिथे कुणाला शिकवावी लागली नाही.

पैशाचा वाद निघाला की मात्र फाइलीऐवजी लिहिलेली अशी दोन पानं उदाहरणं अपुरी पडतात. म्हणून आता त्यांच्यामागे ‘या किमतीत नाही’ अशी यादी जोडतो: टॅलीशी जोडणी, मोबाइल अॅप, वहीतली जुनी उधारी चढवणं. भांडण बहुतेक वेळा तिसऱ्यावरूनच होतं.