मयसभेतील पाऊलवाट

मयसभेत दुर्योधनाची जी फजिती झाली, ती आपणा सर्वांना पाठ आहे. फरशी समजून पाऊल टाकले ते पाण्यात, आणि पाणी समजून वस्त्रे सावरली तर खाली कोरडी फरशी! फसल्यापेक्षाही, फसताना बघणारे हसले, हे त्याच्या जिव्हारी लागले. आता कल्पना करा, मयासुराने त्याला दारातच सांगून टाकले असते की, "महाराज, इथे नियम एकच. जे जोडलेले दिसेल ते जोडलेलेच आहे असे समजून खुशाल चालू लागा." तर दुर्योधन दिवसभर तिथेच रमला असता, आणि व्यासांची मोठी पंचाईत झाली असती!

हल्ली मोबाईलवर अशी मयसभा बांधणारे काही खेळ निघाले आहेत. लंडनच्या 'अस टू गेम्स' या मंडळींचा 'मॉन्युमेंट व्हॅली' हा त्यांतला सर्वांत गाजलेला. तो २०१४ साली आला. पांढरा झगा आणि टोकदार टोपी घातलेली आयडा नावाची एक राजकन्या मनोरे, जिने, कमानी यांच्या विचित्र राज्यात एकटीच हिंडत असते. आपण बोट ठेवू तिथे ती चालत जाते. वाट तुटलेली असली की जवळचा दांडा फिरवायचा. इमारतीचा एक भाग वळतो, दूरचा कठडा जवळच्या जिन्याच्या टोकाला टेकल्यासारखा *दिसतो*, आणि आयडा त्यावरून निर्धास्त चालत जाते. दिसला म्हणजे टेकला! गोळीबार नाही, घड्याळाचा धाक नाही.

ही करामत घडते कशी? डिप्लोमाला असलेल्या माझ्या लेकीने तिच्या ड्रॉइंगच्या कागदावरच मला ते दाखवले. आपल्या डोळ्यांना रेल्वेचे रूळ दूर जाता जाता एकमेकांकडे झुकलेले दिसतात, त्यावरून अंतर कळते. इंजिनिअर लोकांच्या आयसोमेट्रिक चित्रात मात्र रूळ शेवटपर्यंत समांतरच राहतात. दूरची वीट आणि जवळची वीट एकाच मापाची. अंतराची खूणच पुसली गेल्यावर, एकमेकांपासून कोसभर दूर असलेले दोन बिंदू कागदावर खुशाल एकमेकांच्या गळ्यात पडतात. खेळ रचणारे नेमकी हीच फट पकडतात.

ही युक्ती मोबाईलपेक्षा पुष्कळ जुनी. ऑस्कर रॉयटरस्वार्ड या स्वीडिश चित्रकाराने १९३४ साली, विशीही गाठली नव्हती तेव्हा, ठोकळ्यांचा एक अशक्य त्रिकोण काढला. पुढे १९५८ साली लायनेल पेनरोज आणि त्यांचे चिरंजीव रॉजर या इंग्रज पितापुत्रांनी एका मानसशास्त्राच्या नियतकालिकात तसाच त्रिकोण आणि कधीच न संपणारा एक जिना छापला. (याच रॉजरना २०२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले.) तो लेख डच चित्रकार एशर यांच्या हाती पडला आणि १९६० साली त्यांनी त्या जिन्यावर टोपडी घातलेली माणसे चढवली. एक रांग जन्मभर चढते आहे, दुसरी जन्मभर उतरते आहे, आणि कोणीच कुठे पोचत नाही. सरकारी कचेरीत एकदा तरी फाईल अडकलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

वर्गात मी विरोधाभास अलंकार शिकवते. त्यात वाक्य ऐकताक्षणी विसंगत वाटते, आणि विचार केला की जुळते. पेनरोजांचा त्रिकोण म्हणजे त्याचा उफराटा भाऊ. तिन्ही कोपरे एकेक करून पाहा, प्रत्येक अगदी सरळ, प्रामाणिक काटकोन. एकत्र विचार केला की मात्र सारे विसकटते. एशर यांच्या चित्रापुढे आपण या विसकटण्यापाशीच थांबतो, कारण आपल्याला आत जाता येत नाही. खेळात आपल्या वतीने कोणी तरी आत जाते, आणि जी डोळ्याची चूक, तीच तिची वाट होते. माझ्या मते या खेळांची खरी ओढ इथे आहे. फसवणारा आणि फसणारा एकच, तोही सगळे जाणून. मग हसणार कोण?

अर्थात सगळेच खेळ सारखे नाहीत. कोडे म्हणून पाहाल, तर मला २००८ सालचा जपानी 'एकोक्रोम' अधिक कसदार वाटतो. पांढऱ्या पडद्यावर काळ्या रेषा आणि आपल्याच नादात चालणारी एक बाहुली. तिला हात लावायचा नाही. फक्त आपली नजर फिरवायची. वाटेतले भगदाड खांबाआड झाकले, की ते भगदाड उरतच नाही! त्या मानाने 'मॉन्युमेंट व्हॅली' फार सोपा. दांडा फिरवत राहिले तर विचार न करताही वाट सापडते, आणि दहा प्रकरणे एका बैठकीत संपतात. पण एकोक्रोममधल्या बाहुलीची मला कधी काळजी वाटली नाही, आयडाची वाटते. तिने म्हणे या राज्याची पवित्र भूमिती चोरली होती, आणि ती परत करायला ती आली आहे. कावळ्यासारखी माणसे वाट अडवून तिच्यावर ओरडतात. अपराधी मुलगी, आणि पायाखाली विश्वास ठेवावा असा एकही जिना नाही!

२०१७ साली दुसरा भाग आला, त्यात रो नावाची आई आणि तिची लहान मुलगी आहे. आई पुढे, मूल मागे. मग एके ठिकाणी मुलीला एकटीने जावे लागते. आमच्या सासूबाई चष्मा सावरत शेजारी बसल्या होत्या. भूमितीशी त्यांचा संबंध शाळेबरोबरच सुटलेला. त्या माझ्या लेकीला म्हणाल्या, "अगं, ते दार जरा वळव, म्हणजे ती आईला दिसेल तरी!" दार वळवले. मुलगी दिसली, आणि वाटही जुळली.